नळातली साय

साकरनेरच्या खालच्या पेठेत नळाच्या पाण्यातून पापुद्रे यायला लागले, तेव्हा सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नळाला काहीबाही येण्याची त्या पेठेला जुनी सवय होती. गाळ आला होता, अळ्या आल्या होत्या, एकदा तर जिवंत बेडूक आला होता आणि त्याची बातमी पेपरात छापून आल्यामुळं पेठ वर्षभर मिरवत होती. पण गेली काही वर्षं पाणी असं नितळ यायला लागलं होतं, आणि तेही चोवीस तास, की बायका पिंप भरून ठेवायचं विसरल्या होत्या. त्यामुळं बादलीत तपकिरी पापुद्रे तरंगताना दिसले, तेव्हा एका बाईनं ते गाळण्यात धरून फोटो काढला आणि जलविभागाला पाठवून दिला. खाली लिहिलं, तुमची साय निघाली, घेऊन जा.

तो फोटो केतकी समेळच्या टेबलावर आला. केतकी जलविभागातली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. ही साय शहरात आणावी म्हणून ती भांडली होती, सभांमधून लोकांची बोलणी खाल्ली होती, नळात किडे सोडणारी बाई म्हणून नावही मिळवून बसली होती. पापुद्रे सुटताहेत म्हणजे साय मरते आहे, हे तिला नमुना तपासायच्या आधीच कळलं.

साय म्हणजे काय ते इथंच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं अडायला नको. साकरनेरचे जमिनीखालचे नळ फार जुने, ठिकठिकाणी चिरलेले. शेजारूनच गटाराची लाइन गेलेली, कारण जुन्या शहराच्या गल्लीत दोघांना लांब ठेवायला जागा कुठली असणार? पूर्वी पाणी दिवसातून थोडा वेळच सुटायचं. तेवढ्यापुरता आत जोर असायचा. पाणी गेलं की नळ रिकामा, आणि रिकामा नळ आत ओढ घेतो. त्यात लोकांनी थेट नळाला मोटारी लावलेल्या, म्हणजे ओढायला आणखी मदत. मग त्याच भेगांतून गटाराचं पाणी आत यायचं आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी तेच पाणी.

नळ बदलायचे तर सगळं शहर उकरावं लागलं असतं. तेव्हा केतकी आणि तिच्या सोबत्यांनी दुसरीच वाट धरली. नळाच्या आत एरवीही बुळबुळीत थर धरतोच. त्यातलेच साधे, निरुपद्रवी जिवाणू घेऊन त्यांना दोन कामं शिकवली. एक म्हणजे, जिथं भेगेतून पाणी झिरपतं तिथं दाट वाढायचं आणि पाण्यातला चुना धरून ती भेग लिंपून टाकायची. दुसरं, बाहेरचा रोगजंतू थरात अडकला की त्याला पचवून टाकायचं. सरकारी कागदावर त्या थराला जैव-अस्तर म्हणायचे. लोकांनी त्याला साय म्हटलं आणि तेच नाव टिकलं. अटी दोनच होत्या. नळ सतत भरलेला हवा, आणि पाण्यात क्लोरीन नको, कारण क्लोरीनला आपला कोण आणि परका कोण हे कळत नाही. म्हणून शहरानं धाडस करून क्लोरीन बंद केलं, शुद्धीकरण केंद्रात पाण्यावर अतिनील किरण सोडले आणि पुढचा सगळा भरवसा सायीवर टाकला. आता तीच साय मरायला लागली होती. भेगा उघड्या आणि पाण्यात औषधही नाही, असा दुहेरी फास होता.

केतकीनं या सायीसाठी उमेदीची वर्षं का घालवली, हे तिच्या घरात कधी कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ती चौथीत असताना तिची आई, मंदाकिनी, काविळीनं गेली. पाण्यातून येणारी ती कावीळ बाकीच्यांना महिनाभर लोळवते आणि सोडून देते. गरोदर बाईला मात्र सोडेलच याचा नेम नसतो. मंदाकिनीला तेव्हा सातवा महिना होता. त्या वर्षी तांबट आळीतून अशा तीन बायका गेल्या आणि पेपरात बेडकाइतकीही बातमी आली नाही.

आणि आता त्याच आळीत, त्याच घरात, केतकीच्या धाकट्या भावाची बायको ऋतुजा गरोदर होती. भाऊ अमेय जहाजावर नोकरीला. घरात ऋतुजा आणि केतकीचे वडील, भालचंद्र समेळ, ज्यांना सगळी आळी अण्णा म्हणायची. केतकीनं खालच्या पेठेतले नमुने घेतले तसे वाटेत घरच्या नळाचेही घेतले. निकाल आला तेव्हा ती खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. घरच्या पाण्यातही गटाराचे जंतू होते.

तिनं लगेच फोन करून ऋतुजाला पाणी उकळून प्यायला सांगितलं. ऋतुजा कॉलेजात गणित शिकवायची, तिला गोलगोल बोललेलं चालायचं नाही. किती दिवसांपासून खराब आहे, असं तिनं विचारलं. केतकीला खोटं बोलता येईना. बहुधा काही आठवडे, ती म्हणाली. मग कळणार कधी, असा पुढचा प्रश्न. या काविळीला उगवायला महिना-दोन महिने लागतात; तोवर दर आठवड्याला रक्त तपासायचं आणि वाट बघायची. पलीकडं ऋतुजानं आठवडे मोजून पाहिले. मग म्हणाली की ठीक आहे, अण्णांना इतक्यात सांगू नका. पण अण्णा शेजारीच बसले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मुख्य जलअभियंता शकील इनामदार म्हणजे भला माणूस, पण शहर आजारी पडलं तर फासात त्यांचीच मान जाणार होती. त्यांनी केतकीला बोलावून सरळ सांगितलं. येत्या सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर सगळ्या शहराच्या नळांत जबर क्लोरीन सोडायचं. केतकी म्हणाली की त्यानं उरलेलीही साय मरेल. खालच्या पेठेतली मेली ती मेली, वरच्या शहरातली चांगली आहे, तीही जाईल, आणि मग सगळेच नळ उघडे पडतील. पुन्हा साय धरायला वर्षं लागतील, आणि दुसऱ्यांदा हे शहर आपल्याला ती धरू देणार नाही. इनामदार म्हणाले, ते सगळं मला कळतं, पण मला सोमवारी काहीतरी करताना दिसायलाच हवं. तुम्ही कारण आणा.

कारण मेलेल्या सायीतच होतं. पापुद्रे जाळून तपासले तर त्यात तांबं निघालं, तेही चांगलं भरपूर. जिवाणूंना तांबं म्हणजे विष. सगळ्यांना आधी नदीकाठच्या मुलामा देणाऱ्या कारखान्यांचा संशय आला. केतकी मात्र नळ धरून उलट वर चढत गेली. दर चौकात नमुना घ्यायचा, तांबं मोजायचं, पुढं जायचं. खालच्या पेठेत ते थोडं, वर जावं तसं वाढत गेलेलं, आणि एका जागी ते सगळ्यांत जास्त. त्याच्या वरच्या चौकात नावालाही नाही. ती जागा म्हणजे तांबट आळीचं तोंड, कालिकादेवीच्या देवळासमोरचा मोठा नळ.

केतकी तिथं पिशवीत बाटल्या घेऊन उभी राहिली. आळीतून हातोड्यांचा ठोका ऐकू येत होता. हा ठोका ऐकत ती लहानाची मोठी झाली होती. तिला एकदम वाटलं की हा नमुना आपण घेतलाच नाही असं समजून निघून जावं.

ती घरी गेली. अण्णा ओसरीवर एक हंडा मठारत बसले होते. मठारणं म्हणजे हातोड्यानं तांब्यावर बारीक, सारखे खड्डे उठवत जाणं. त्यानं पत्रा कडक होतो आणि उन्हात असा चमकतो की बघत राहावं. केतकीनं चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

"अण्णा, देवळासमोरच्या नळात तांबं आहे. कुठून आलं असेल?"

"आम्हीच ठेवलंय की," अण्णा म्हणाले. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग त्यांनी हातोडा बाजूला ठेवून नीट सांगितलं. आळीची रीत होती. नवी विहीर खणली, तिला पाणी लागलं, की तांब्याचं एक मोठं पान करायचं. आळीतल्या प्रत्येक घरातल्या माणसानं त्यावर आपला एकेक ठोका द्यायचा आणि देवीला दाखवून ते विहिरीच्या तळाशी सोडायचं. त्याला पहारा म्हणायचे. पाण्याला काही बाधू नये म्हणून पहारा. आता विहिरी बुजल्या, आळीत खणणार कोण? नवा मोठा नळ आळीच्या तोंडाशी जोडत होते तेव्हा जाणत्या लोकांनी विचार केला की आता हीच आपली विहीर. अण्णांनी पुढाकार घेतला. जोडणारे कामगार जेवायला बसले होते, त्यांच्या मुकादमाला नारळ दिला, आणि पान वळवून नळाच्या तोंडात सारून दिलं. केतकी तेव्हा प्रशिक्षणाला बाहेरगावी होती. आल्यावर तिला त्याचा पेढा मिळाला होता. कसला पेढा ते तिनं विचारलं नव्हतं.

केतकीला हसावं की रडावं कळेना. ती जोत्यावरच बसली. तुमच्या पानानं माझी साय मरते आहे, असं तिनं सांगितलं, तेव्हा अण्णांचा चेहरा उतरला नाही, तापला.

"तांब्यानं पाणी बाधतं, हे मला माझ्या लेकीनं सांगावं?" ते म्हणाले. "तुझी आई पाण्यानं गेली. मी पाण्यावर पहारा बसवला. त्यात माझं काय चुकलं ते सांग."

काय सांगणार? त्यांचं तसं काहीच चुकलं नव्हतं. तांबं जंतू मारतं, हे अगदी खरं आहे, आणि घोळ नेमका त्यातच होता. बापानं आणि लेकीनं एकाच दुःखावर दोन औषधं काढली होती आणि एक औषध दुसऱ्याला मारत होतं.

पण मग इतकी वर्षं काही झालं नाही, ते आताच का? त्याचंही उत्तर केतकीला तिथंच ओसरीवर सुचलं. धरणाचं पाणी जड, चुन्याचं. अशा पाण्यात तांब्यावर लवकरच हिरवट थर धरतो आणि आतलं तांबं झाकून जातं. अगदी थोडंच सुटतं. गेल्या वर्षीपासून पाऊस दगा देत होता. धरण खाली गेलं म्हणून शहरानं सांडपाणी बारीक चाळणीतून गाळून, शुद्ध करून पुन्हा नळात सोडायला सुरुवात केली. ते पाणी इतकं शुद्ध की त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. असं पाणी भुकेलं असतं. वाटेत जे भेटेल ते थोडं थोडं खात जातं. नळाचं लोखंड खाऊ नये म्हणून केंद्रात त्यात चुना घालायचे, आणि लोखंडाला तेवढा पुरतही होता. तांब्याला पुरत नव्हता. नळात तांबं आहे हे केंद्रातल्या कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. भुकेल्या पाण्यानं पानावरचा थर खाल्ला आणि मग पान खायला घेतलं.

आता केतकीपुढं खरा पेच होता. ती गुपचूप चार माणसं लावून ते पान काढू शकली असती. कारखान्यांवर संशय होताच, तो तसाच राहिला असता. पण पान काढून भागणार नव्हतं. सुटलेलं तांबं खालच्या पेठेच्या नळांत चिकटून बसलं होतं, तिथं काय उपाय करायचा ते ठरवायला खरं काय झालं हे सांगावंच लागणार होतं. आणि सांगितलं की आळीवर बोट येणार, अण्णांवर कदाचित गुन्हाही दाखल होणार.

"मला हे ऑफिसात सांगावं लागेल," ती म्हणाली.

"सांग," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी हातोडा उचलला. त्या दिवशी जेवायला वाढलं तर भूक नाही म्हणाले.

इनामदारांनी ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. मग कामाला लागले. गुन्ह्याचं काय ते पुढं बघू, आधी पान बाहेर काढा, म्हणाले. पाण्यात चुना वाढवायला त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. पण सोमवार मात्र त्यांनी हलवला नाही. पान निघालं तरी खालच्या पेठेतली साय मेलेलीच आहे, आणि तांबं बसलेल्या नळात नवी साय धरायला पाच-सहा महिने जातील. तोवर लोकांना काय पाजायचं?

देवळासमोर खोदायला सुरुवात झाली तशी सगळी आळी गोळा झाली. विहिरीतला पहारा आजवर कुणी काढला नव्हता. एक म्हातारे गृहस्थ खड्ड्याच्या काठावर काठी रोवून उभे राहिले आणि म्हणाले की माझ्या अंगावरून यंत्र न्या. बायका कुजबुजत होत्या. केतकीकडं कुणी बघत नव्हतं, आणि ज्या आळीत तिला कडेवर घेऊन फिरवलं त्या आळीनं असं तोंड फिरवलेलं तिला फार लागलं. तेवढ्यात अण्णा आले. धोतराचा काचा मारलेला, हातात जाड कापडाचे मोजे.

ते म्हाताऱ्यांना म्हणाले, "नाना, पहारेकऱ्याचा हात घरच्यांवरच पडायला लागला तर त्याला दारात ठेवायचा का? माझ्या घरात पोटुशी सून आहे. बाजूला व्हा."

नाना बाजूला झाले. अण्णा खड्ड्यात उतरले. कामगारांनी वरचा व्हॉल्व्ह बंद करून जोड उघडला, आणि अण्णांनी स्वतःच्या हातांनी ते पान आतून ओढून काढलं. एका अंगानं ते नव्या पैशासारखं लालबुंद झालं होतं, पाण्यानं चाटून चाटून पातळ केलेलं. दुसरं अंग, जे नळाला टेकून होतं, ते काळपट हिरवं. अण्णा ते पुसायला गेले.

"पुसू नका," केतकी ओरडली.

तिनं पान हातात घेतलं. मागच्या बाजूला घरोघरीचे ठोके होते, आणि प्रत्येक ठोक्याच्या खड्ड्यात बुळबुळीत काहीतरी बसलं होतं. तिनं सुईनं थोडं उचललं, देवळाच्या पायरीवर बसून हातातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. अखेर अण्णांनीच विचारलं की काय आहे ते.

ती साय होती. जिवंत साय, अस्सल तांब्यावर वाढलेली.

असं कसं झालं हे प्रयोगशाळेत पुढच्या दोन दिवसांत उलगडलं. साय नळात आली त्याच सुमाराला पानही आलं. पहिली काही वर्षं तांबं अगदी थोडं सुटत होतं. इतकं थोडं, की पानाला लागून असलेल्या सायीतले कच्चे जिवाणू मरायचे आणि चिवट तेवढे उरायचे. चिवटांची पिल्लं आणखी चिवट. ठोक्यांच्या खड्ड्यांत पाण्याचा मार कमी, म्हणून तिथं त्यांना बस्तान बसवायला सवड मिळाली. असं करत करत तांबं पोटातल्या पोटात बांधून ठेवणारी एक जात तिथं तयार झाली. पुढं पाणी भुकेलं झालं, तांबं भसाभस सुटलं, खालची साय मेली. ही मात्र खड्ड्यांत टिकून राहिली. केतकीनं तिची सगळी जनुकं उलगडून पाहिली. मुळात घातलेली दोन्ही कामं जशीच्या तशी होती, बाकी काही घातक शिरलेलं नव्हतं, फक्त तांबं सोसायची ताकद वाढली होती. जी जात घडवायला प्रयोगशाळेत वर्षं गेली असती ती आळीच्या हातोड्यांखाली आपोआप घडून बसली होती. खालच्या पेठेतल्या तांबं बसलेल्या नळांत ती महिन्यांत नाही, आठवड्यांत धरली असती.

इनामदारांनी निकाल पुन्हा पुन्हा वाचला, बाहेरच्या दोन शास्त्रज्ञांना दाखवला. मग त्यांनी सोमवार रद्द केला, पण एक अट घातली. नवी साय धरेपर्यंत खालच्या पेठेत नळाला एकही मोटार लागता कामा नये. मोटार लागली की नळात ओढ, ओढ लागली की कोवळी साय सुटणार आणि गटार आत येणार. पिण्याचं पाणी आम्ही टँकरनं देऊ, पण मोटारी कोण थांबवणार? तिथं पापुद्रे आल्यापासून घरटी मोटार बाहेर निघाली आहे, म्हणाले. घाबरलेला माणूस आधी पाणी भरून ठेवतो. केतकीला त्यांचं म्हणणं पटलं. नळात किडे सोडणाऱ्या बाईनं जाऊन मोटारी बंद करा म्हणून सांगावं, तर कोण ऐकणार होतं?

दरम्यान ऋतुजाचं माहेरी जायचं निघालं होतं. पहिलं बाळंतपण, माहेर कोकणात, विहिरीचं गोड पाणी. रीतीनंही तेच आणि शहाणपणाचंही तेच. तिचे वडील गाडी घेऊन यायला निघालेसुद्धा. ऋतुजानं त्यांना फोन करून थांबवलं. केतकी तिच्यावर चिडली. ऋतुजानं शांतपणे उत्तर दिलं.

"ताई, जे व्हायचं ते माझ्या पोटात आधीच गेलंय. कोकणात जाऊन ते बाहेर येणार नाही. मी गेले तर खालची पेठ म्हणेल, बाईनं आपली माणसं हलवली. मग तुमचं कोण ऐकेल? मी उकळलेलं पाणी पिऊन इथंच राहते, आणि उद्या तुमच्याबरोबर येते."

दुसऱ्या दिवशी खालच्या पेठेत तिघं निघाली: केतकी, ऋतुजा आणि अण्णा. अण्णांना कुणी बोलावलं नव्हतं. ते स्वच्छ सदरा घालून दारात उभे होते, एवढंच. आळीतल्या बाकीच्यांनी दुरून पाहिलं आणि तासाभरात तेही मागोमाग आले, नानासुद्धा, काठी टेकत. मग घरं वाटून घेतली गेली. दार वाजवायचं आणि सांगायचं: नळात तांबं आम्ही टाकलं, आमच्यामुळं तुमची साय मेली, आता नवी धरते आहे, तोवर मोटार लावू नका. टँकरमधून घागरी भरून आम्ही तुमच्या जिन्यावर आणून देऊ.

लोकांनी ऐकवायचं ते ऐकवलंच. एका माणसानं अण्णांच्या तोंडावर दार आपटलं. एक बाई म्हणाली की तुमच्या देवीला सांगा, येऊन माझी भांडी घासायला. गाळण्याचा फोटो पाठवणारी बाईही भेटली. तिचं नाव शबाना तांबोळी. तिची मुलगी बाळंतपणाला घरी आलेली. तिनं अण्णांना दारातच उभं करून असं काही फैलावर घेतलं की अख्खा जिना गोळा झाला. अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. मग शबानाचं लक्ष त्यांच्या मागं उभ्या असलेल्या ऋतुजाकडं गेलं, तिच्या पोटाकडं गेलं. ही कोण, असं तिनं विचारलं. माझी सून, अण्णा म्हणाले, तीही तेच पाणी प्यायलीय. मग आत जाऊन शबानानं मोटारीची पिन काढून आणली, अण्णांच्या हातात ठेवली आणि ऋतुजाला बसायला खुर्ची दिली. संध्याकाळपर्यंत त्या जिन्यातल्या सगळ्या मोटारी बंद झाल्या, आणि खालच्या पेठेत एका जिन्यातली गोष्ट दुसऱ्या जिन्यात पोचायला वेळ लागत नाही.

नवी साय सोडली गेली. आळीची माणसं आठवडेच्या आठवडे घागरी वाहत राहिली. धंद्याकडं दुर्लक्ष झालं, खांदे सोलवटले, पण त्यांनी खंड पडू दिला नाही. आणि शेवटी शेवटी खालच्या पेठेतले लोकच त्यांना चहाला थांबवायला लागले. नळांवरच्या यंत्रांत गळती रोज थोडी थोडी उतरताना दिसत होती. मग एक दिवस खालच्या पेठेच्या नमुन्यात गटाराचा जंतू सापडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. इनामदार स्वतः केतकीच्या टेबलाशी आले आणि म्हणाले की चौकशी समितीपुढं तुमच्या वडिलांना यावं लागेल, पण मीही त्यांच्या शेजारी बसेन. कारण पाइप जोडताना तिथं विभागाचा माणूस हजर असायला हवा होता, आणि तो नव्हता. केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. शहराची साय वाचली होती.

घरातली टांगणी मात्र अजून संपली नव्हती. कावीळ उगवायची मुदत सरत आली होती, सरली नव्हती. ऋतुजाच्या रक्ताचे निकाल दर आठवड्याला चांगले येत होते, पण अण्णांचा कागदावर विश्वास नव्हता. रोज सकाळी ऊन अंगणात उतरलं की ते काहीतरी निमित्त काढून तिच्यासमोर येऊन उभे राहायचे. कधी चष्मा सापडत नाही म्हणून, कधी दूधवाला आला का म्हणून. आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांत बघायचे. ऋतुजाला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती उन्हाकडं तोंड करून डोळे चांगले मोठे करायची आणि सांगायची की चष्मा तुमच्या कपाळावर आहे, अण्णा.

शेवटच्या तपासणीचा निकाल आला त्या सकाळी केतकी कागद घेऊन आळीत आली. ऋतुजा अंगणात बसली होती, पोट आता चांगलं मोठं झालेलं. मुदत संपली, काही झालेलं नाही, असं केतकीनं सांगितलं. ऋतुजा हसली आणि मग हसता हसताच रडायला लागली. अण्णा ओसरीवरून उठून आले. त्यांनी कागद घेतला नाही. सुनेसमोर उकिडवे बसले आणि या वेळी काही निमित्त काढलं नाही.

"बघा," ऋतुजा म्हणाली, "नीट बघून घ्या."

त्यांनी नीट बघून घेतलं. मग उठले आणि पायांत चपला न घालताच आळीत निघाले. मंदाकिनी गेल्यापासून त्यांना रडताना केतकीनं कधी पाहिलं नव्हतं; आता त्यांच्या गालांवरून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचं त्यांना भानही नव्हतं. ते पहिल्या दुकानाशी थांबले. आतला हातोडा थांबला.

"पोरीचे डोळे स्वच्छ आहेत," ते म्हणाले, आणि पुढच्या दुकानाकडं गेले. तिथंही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही. नानांच्या दारात सांगितलं, देवळासमोर फुलं विकणाऱ्या बाईला सांगितलं. खालच्या पेठेतून घागर परत द्यायला आलेल्या शबानालाही सांगितलं. कुणाच्या पोरीचे, असं त्यांना कुणीही विचारलं नाही.